गीतलेखन

गीतलेखन म्हणजे गाण्यासाठी केलेली पद्यरचना होय. भावगीत, चित्रपटगीत, नाट्यगीत, लावणी इत्यादी प्रकारांसाठी अशी रचना करणाऱ्यास गीतकार म्हणतात. कवितेचा वाचक न कळलेली ओळ पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सवड नसते. त्यामुळे गीताचा अर्थ एकदा ऐकताच कळावा लागतो.

रचना

मराठी गीतात सामान्यतः ध्रुवपद व दोन-तीन अंतरे असतात. अंतऱ्याची शेवटची ओळ बहुधा ध्रुवपदाशी यमकाने जुळते, म्हणजे गायकाला ध्रुवपदावर सहज परतता येते. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने हा आटोपशीरपणा अंगवळणी पडला.

चाल आणि शब्द

पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून सादर झालेल्या 'गीतरामायणा'त ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या ५६ गीतांना सुधीर फडके यांनी चाली दिल्या. चित्रपटात पुष्कळदा क्रम उलटा असतो. संगीतकार निरर्थक अक्षरांवर चाल गुणगुणून दाखवतो आणि गीतकार त्या 'मीटर'मध्ये शब्द बसवतो.

येथे केवळ मात्रा मोजून भागत नाही. ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबला की 'दिन' (दिवस) 'दीन' (दुबळा) असा ऐकू येतो, 'सुत' (पुत्र) 'सूत' (धागा) होतो. चालीतील विराम शब्दाच्या मध्यावर आला तर शब्द तुटतो. द्रुत लयीत जोडाक्षरे अडखळतात. उलट वरच्या सुरावर रेंगाळायचे असेल, तर 'आ'कारान्त शब्द गायकाला सोयीचा पडतो. हे सारे सांभाळूनही ओळ सहज बोलल्यासारखी वाटली पाहिजे, आणि खरी कसोटी हीच आहे.

प्रसंग व पात्रही शब्दांना बांधून ठेवतात. 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटासाठी जगदीश खेबूडकर यांनी लिहिलेल्या लावण्या फडावरच्या बोलीत शोभतात. तेथे संस्कृतप्रचुर भाषा विसंगत ठरली असती.

कवी आणि गीतकार

समीक्षेत गीतकाराला कवीपेक्षा दुय्यम मानण्याची प्रथा जुनी आहे. माडगूळकर, शांता शेळके, सुरेश भट यांच्याकडे पाहता ही विभागणी टिकत नाही. 'गीतरामायण' तर पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाले. केवळ मात्रा भरण्यासाठी 'रे', 'गं', 'ना' यांची खोगीरभरती करणारी गीतेही विपुल आहेत, हे मात्र मान्य करावे लागते.