पायथन वाचले, पीटर कुक पुसला गेला

ज्यांना लोकलच्या गोंगाटात नीट ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘ॲक्चुअली’ काढून टाकलेत, बाकी बहुतेक जसंच्या तसं.

तुमच्या मेलमध्ये ‘स्पॅम’ नावाचं फोल्डर असतं ना? तो शब्द एका विनोदी स्केचमधून आलाय. स्पॅम म्हणजे खरं तर डबाबंद मांस. एक बाई हॉटेलात जाते, तर मेनूतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम. त्यात बाजूच्या टेबलावरचे व्हायकिंग ‘स्पॅम, स्पॅम’ म्हणत इतक्या जोरात गायला लागतात की बोलणंच ऐकू येत नाही. नको असलेल्या मजकुराच्या पुराला नेटवाल्यांनी हेच नाव दिलं. हे स्केच बीबीसीच्या ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’मधलं, साल १९७०. आणि आम्ही ऑफिसात दिवसभर ज्या भाषेत कोड लिहितो, ती पायथन? तिचंही नाव सापावरून नाही, याच कार्यक्रमावरून. गिडो व्हॅन रॉसमने तसं स्वतःच सांगितलंय.

हा कार्यक्रम १९६९ ते १९७४ चालला. एकूण ४५ भाग. आणि आज ते सगळेच्या सगळे उपलब्ध आहेत. यात काय विशेष, असं वाटेल. पण त्या काळातल्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांची यादी काढली, तर ‘सगळे भाग शिल्लक’ हीच नवलाची गोष्ट ठरते.

त्याचं कारण टेप. तेव्हाची व्हिडिओ टेप दोन इंच रुंद, मोठमोठ्या रिळांवर गुंडाळलेली आणि भयंकर महाग. पण ती पुसून परत वापरता यायची. आपण फोनची मेमरी भरली की जुने व्हिडिओ उडवतो ना, तसंच. फरक एवढाच, की इथे दुसरीकडे बॅकअप नसायचा. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा परत दाखवायचा यावर मर्यादा होती. त्यात रंगीत टीव्ही आला आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट आता कोण बघणार’ हा हिशेब सुरू झाला. घरोघरी कॅसेट विकता येतील हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग रिळं जपून करायचं काय? कार्यक्रम पद्धतशीर जपून ठेवायची व्यवस्था बीबीसीत उभी राहिली ती १९७८च्या सुमारास.

या हिशेबात कोण गेलं? पीटर कुक आणि डडली मूर. ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ नावाचा त्यांचा कार्यक्रम १९६५ ते १९७० दरम्यान आला. टोप्या घालून बसलेले दोन साधे गडी, जगातल्या कुठल्याही विषयावर गंभीर चेहऱ्याने अडाणी गप्पा मारतात. मूरला मध्येच हसू आवरेनासं होतं आणि कुक मुद्दाम त्याला आणखी छळतो. पुढच्या कितीतरी विनोदी नटांचे हे दोघं गुरू. टेपा पुसणार आहेत हे कळल्यावर कुकने त्यांचे पैसे स्वतः भरायची तयारी दाखवली. बीबीसीने नकार दिला. म्हणजे पैसे द्यायला माणूस समोर उभा, आणि तरीही पुसलं! हे वाचल्यावर मला दोन मिनिटं काही सुचेना. १९७०ची शेवटची मालिका रंगीत होती. तिच्यातलं स्टुडिओत केलेलं बरंचसं काम गेलं आणि बाहेर फिल्मवर चित्रित केलेले तुकडे तेवढे राहिले. १९९०मध्ये बीबीसीने जे उरलंय त्याचं संकलन काढलं, त्याचं नावच ‘जे काही उरलंय त्यातलं उत्तम’ अशा अर्थाचं. त्या नावात विनोद आहे, पण हसणं जरा जड जातं.

मग पायथन कसे वाचले? टेरी जोन्सने मुलाखतींत सांगितलेला किस्सा असा, की बीबीसीतल्याच एका ओळखीच्या माणसाने त्याला आधी खबर दिली. मग या लोकांनी भाग गुपचूप घरगुती व्हीसीआरच्या कॅसेटवर उतरवून घेतले, अगदी आपण लॅपटॉप परत करण्याआधी डेटा कॉपी करून घेतो तसे. शेवटी मूळ टेपा पुसल्या गेल्या नाहीत हे नशीब.

पण नशिबाने टेप वाचते, बाजारात येत नाही. बाजारात यायला हक्क लागतात, आणि ते मिळाले एका भांडणातून. १९७५मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने तीन भाग जोडून दीड तासाचा खास कार्यक्रम केला. जाहिरातींना जागा हवी आणि ‘आक्षेपार्ह’ काही नको, म्हणून ९० मिनिटांतली २४ मिनिटं कापली. विनोदात सेटअप कापून पंच ठेवला, किंवा उलट केलं, तर काय उरतं? पायथन मंडळी अमेरिकेत कोर्टात गेली. १९७६मध्ये अपील कोर्टाने त्यांची बाजू घेतली आणि असे कापलेले भाग परत दाखवायला मनाई केली. पुढे बीबीसीशी तडजोड झाली, तिच्यात या मालिकेचे हक्क हळूहळू खुद्द पायथनांकडे आले. टीव्हीवरच्या लेखक-नटांच्या हाती स्वतःच्या कामाची मालकी येणं ही अजूनही दुर्मीळ गोष्ट. माझ्या मते पायथन आजही सगळीकडे दिसतात, यामागे त्यांच्या प्रतिभेइतकाच या कागदांचा हात आहे. कुकची प्रतिभा काय कमी होती?

जाता जाता एक गंमत. व्हिडिओ कॅसेट घरात येण्याआधी लोक हे विनोद घरी न्यायचे ते एलपी तबकडीवर. १९७३च्या तबकडीत यांनी एका बाजूला दोन समांतर खाचा कोरल्या. सुई कुठे टेकेल त्यावर काय ऐकू येणार ते ठरायचं. लोक बुचकळ्यात, काल वेगळंच ऐकलं होतं की!

पायथनच्या आधीचीही एक शोधकथा आहे. जॉन क्लीज, ग्रॅहम चॅपमन, मार्टी फेल्डमन आणि टिम ब्रूक-टेलर यांचा ‘ॲट लास्ट द १९४८ शो’, साल १९६७. ‘आमच्या लहानपणी किती गरिबी होती’ यावर चार श्रीमंत म्हातारे एकमेकांवर कडी करतात, ते स्केच लोक पायथनचं समजतात. ते मूळ इथलं. याचेही बहुतेक भाग पुसले गेले. मग स्वीडनच्या टीव्हीसाठी केलेली पाच संकलनं सापडली आणि २००५च्या सुमारास डीव्हीडीवर तेवढीच आली. २०१४मध्ये निर्माता डेव्हिड फ्रॉस्टच्या संग्रहातून आणखी दोन भाग मिळाले. २०१९मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जोडता येईल तेवढं जोडून नवा डीव्हीडी संच काढला.

मोरकम आणि वाइज या जोडीचं तर विचारूच नका. त्यांच्या १९६८च्या एका भागाची फिल्म नायजेरियात मिळाली, पण इतकी कुजलेली की उलगडेचना. मग लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या लोकांनी तिचे एक्स-रे स्कॅन करून आतली चित्रं बाहेर काढली. न उघडता रीळ वाचायचं! डेटा रिकव्हरी याला म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर असतंच की सगळं. काही अंशी खरं. नोव्हेंबर २००८मध्ये पायथन मंडळींनी स्वतःचं चॅनल काढून क्लिप फुकट टाकल्या, कारण लोक कसल्यातरी धुरकट कॉप्या चढवत होते. त्यानंतर ॲमेझॉनवर त्यांची डीव्हीडी यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली, विक्री २३,००० टक्के वाढली असं यूट्यूबनेच जाहीर केलं. टक्केवारीने दचकू नका, आधीचा आकडा लहानच असणार. तरी फुकट बघून लोकांनी विकत घेतलं, हे खरं.

पण क्लिपमध्ये काय हरवतं ते सांगतो. त्या काळी स्टुडिओतलं चित्रण व्हिडिओवर आणि बाहेरचं फिल्मवर व्हायचं. व्हिडिओत सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणून हालचाल गुळगुळीत. फिल्मला २५ चित्रं, म्हणून पोत वेगळा. पायथनच्या एका स्केचमध्ये पात्रं दाराबाहेर पाऊल टाकतात आणि दचकतात, कारण बाहेर ‘फिल्म’ आहे! परत आत पळतात, दुसरं दार उघडतात, तिथेही फिल्म. फाइल बनवताना कुणी निष्काळजीपणे सगळंच २५वर आणलं, की आत-बाहेर सारखंच दिसतं आणि विनोद निम्मा मरतो. २०१९च्या ब्लू-रे संचात चित्र नव्याने साफ केलं, पूर्वी कापलेले काही तुकडे परत बसवले. त्याचं नाव ‘नॉर्वेजियन ब्लू-रिपॅक’. मेलेल्या पोपटाचं स्केच बघितलेल्यांना कोटी कळेल.

आणि जे टेपा असूनही पूर्ण येत नाही, त्याचं काय? मिस्टर बीनच्या आधीचा रोवन ॲटकिन्सन बघायचाय? १९७९ ते १९८२चा ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’. डीव्हीडीवर त्याचे निवडक तुकडे आले. ताज्या बातम्यांवरचे विनोद लवकर शिळे होतात म्हणून ही निवड, हे समजू शकतं. मला मात्र ते शिळे विनोदच बघायचेत. तेव्हाचे लोक कशावर हसत होते, ते त्यातच कळतं.

तो ब्लू-रे संच काढणारी नेटवर्क कंपनी २०२३मध्ये बंद पडली. ‘द गुडीज’चा बीबीसीवरचा सगळा संग्रह २०१८मध्ये तिनेच काढला होता. जुनी डिस्क घ्यायची झाली तर एक सूचना: ब्रिटनची डीव्हीडी रीजन २ची असते, आपल्याकडची रीजन ५. प्लेअर सगळे रीजन चालवतो का, ते आधी बघा.

नवीन असाल तर पायथनच्या अधिकृत चॅनलवरून सुरुवात करा, आधी पोपट, मग स्पॅम. आणि मग कुक-मूरचं जे मिळेल ते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!