डिझेल गाडीचा श्वास

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत शिरला, कीं वऱ्हाडची काळी सपाट जमीन मागें राहते आणि सागवानाचें रान सुरू होतें. ह्याच रस्त्यावर, सिपना नदीच्या परिसरांत, चिखलदरा तालुक्यांतील सेमाडोह हें गांव आहे. शहरांतील कुटुंबांना तें मेळघाटच्या सहलीमुळें ठाऊक असतें. १९७३-७४ सालीं ज्या नऊ अरण्यांपासून व्याघ्रप्रकल्पाच्या योजनेस प्रारंभ झाला, त्यांत मेळघाट होतें. परंतु तेथें राहणाऱ्या कोरकू व इतर कुटुंबांच्या दृष्टीनें ह्या रस्त्याचें महत्त्व निराळें आहे. धान्य, किराणा, पत्रे, सिमेंट आणि प्रसंगीं आजारी माणूससुद्धां ह्याच वाटेनें न्यावा-आणावा लागतो. हें काम बहुधा लहान डिझेल मालगाडी, जिला सारे लोक ‘पिकअप’ म्हणतात, ती करते. आजचा विषय ह्या गाडीच्या एका लहानशा, स्वस्त आणि म्हणूनच उपेक्षित अवयवाचा आहे. तो म्हणजे इंजिनांत जाणारी हवा गाळणारा एअर फिल्टर.

हा विषय गाडीवाल्यांचा, आमचा त्याशीं काय संबंध, असें श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल. परंतु अनेक घरांच्या दाराशीं आज डिझेलची मोटार उभी असते. आणि ज्यांच्या दारीं ती नाहीं, त्यांच्या घरचीं संत्रीं, भाजी व दूध अशाच गाड्यांतून येतात. शिवाय यंत्राची निगा कां व कशी राखावी, ह्याचें इतकें सोपें उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

प्रथम इंजिन हवा किती घेतें तें पाहूं. चार टप्प्यांचें इंजिन आंसाच्या दोन फेऱ्यांत एकदां आपल्या सर्व सिलिंडरांच्या घनफळाइतकी हवा ओढतें. पिकअपचें इंजिन अडीच लिटरचें धरलें आणि तें मिनिटास २,००० फेरे घेत आहे असें मानलें, तर मिनिटाला २,५०० लिटर आणि तासाला १,५०,००० लिटर, म्हणजे १५० घनमीटर हवा त्याच्या पोटांत जाते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशा चार खोल्यांत मावेल त्याहून ही हवा अधिक झाली. तिचें वजन सुमारें १८० किलो भरेल. टर्बो असलेल्या इंजिनांत तर हवा दाबून भरली जाते, म्हणून हा आंकडा आणखी वाढतो. पेट्रोलच्या इंजिनांत चालकानें पाय उचलला, कीं हवेच्या वाटेवरील झडप मिटत जाते. डिझेल इंजिनांत शक्ति कमीजास्त करावयाची ती मुख्यतः इंधन कमीजास्त करून. हवेची वाट बहुधा मोकळीच असते. त्यामुळें रिकामी गाडी घाट उतरत असली, तरीही तें भरपूर हवा, आणि हवेबरोबर धूळ, ओढीतच असतें.

आतां ही धूळ काय आहे? गाविलगडचे डोंगर काळ्या बसाल्ट खडकाचे आहेत. त्या खडकाचा मुरूम रस्त्यांवर व कडेला पसरलेला असतो आणि चाकांखालीं त्याचें पीठ होतें. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापांत बसाल्टमधील फेल्डस्पारचा अंक ६ च्या आसपास आहे. खडकाच्या पोकळ्यांत सांपडणाऱ्या गारेचा ७. साध्या लोखंडाचा अंक ४ ते ५ इतकाच. म्हणजे आपल्या डोळ्यांना मऊ दिसणारी ही धूळ लोखंडास कानशीच आहे. तिचे मोठे खडे फारसे घातक नसतात, कारण ते सहज अडवले जातात. खरा शत्रु पांच ते वीस मायक्रॉनचा कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत ह्यांच्यामध्यें तेलाचा जो पातळ थर असतो, त्याच्या जाडीशीं हे कण जुळणारे असतात. ते त्या फटींत शिरून दोन्ही पृष्ठभाग घांसतात, आणि तेलांत मिसळून बेअरिंगांपर्यंत जातात. मग इंजिन तेल खाऊं लागतें, दाब धरीत नाहीं, आणि थंडीच्या सकाळीं सुरू होतांना कुरकुरतें. मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांनाही ही धूळ सोडीत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण घडलें. सोव्हिएत रशियानें १९४२ सालीं आपला टी-३४ हा डिझेल इंजिनाचा रणगाडा परीक्षणासाठीं अमेरिकेस दिला. अ‍ॅबर्डीनच्या परीक्षणभूमीवर चालवीत असतां त्याचें इंजिन निकामी झालें. हवा गाळण्याची व्यवस्था सदोष असल्यामुळें आंत माती शिरली, असें तपासांत आढळलें. तोफगोळ्यांस तोंड देण्यासाठीं बनविलेलें यंत्र रस्त्याच्या धुळीनें बंद पडलें.

हवा गाळण्याच्या पद्धति मुख्यतः दोन. जुन्या जीपगाड्यांत व अनेक जुन्या ट्रॅक्टरांत तेलाची वाटी असे; हवा तिच्या पृष्ठभागावरून झटक्यानें वळे आणि जड कण तेलांत अडकत. आजच्या पिकअपमध्यें घड्या घातलेल्या विशेष कागदाचा कोरडा फिल्टर असतो. घड्यांमुळें थोड्या जागेंत पुष्कळ कागद मावतो. हा कागद पिठाच्या चाळणीप्रमाणें केवळ भोकांच्या आकारावर काम करीत नाहीं. त्याच्या तंतूंच्या गुंत्यांतून हवा वळणें घेत जाते. जड कणांना वळतां येत नाहीं म्हणून ते तंतूंवर आदळतात, आणि अगदीं बारीक कण इकडेतिकडे भरकटत तंतूंस चिकटतात. पुढें जमलेल्या धुळीचा थर स्वतःच गाळणीचें काम करूं लागतो. म्हणून थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षां अधिक चांगलें गाळतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होईल.

निवड करतांना शेंकड्याच्या आंकड्यांनीं फसूं नये. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९९.५ टक्के, असें ऐकल्यावर दोन्ही सारखेच वाटतात. परंतु शंभर ग्रॅम धूळ आली तर पहिल्यांतून एक ग्रॅम आंत जाते, दुसऱ्यांतून अर्धाच. म्हणजे पहिला इंजिनास दुप्पट धूळ चारतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या क्रमांकाचाच फिल्टर, विश्वासाच्या दुकानांतून घ्यावा. हातांत घेतल्यावर घड्या समान अंतरावर व ताठ आहेत कीं नाहींत, रबराची कड मऊ आणि अखंड आहे कीं नाहीं, टोंकाशीं डिंक सुटलेला नाहीं ना, हें पाहावें. लांबीरुंदींत एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल, असें दुकानदार म्हणाला तर तें ऐकूं नये. कारण कडेच्या फटींतून जाणाऱ्या हवेला उत्तमांतला उत्तम कागदही गाळूं शकत नाहीं. धुऊन पुनःपुन्हां वापरण्याचे, तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टरही मिळतात. त्यांतून हवा मोकळी येते हें खरें. परंतु सामान्यतः धूळही अधिक येते, आणि तेलाचा हात सैल पडला तर नव्या गाड्यांतील हवा मोजणाऱ्या सेन्सरवर तेल बसतें. शर्यतीच्या गाडीस ते शोभतील, मुरमाच्या रस्त्यावरील पिकअपला नाहीं.

फिल्टर केव्हां बदलावा? पुस्तिकेंतील किलोमीटरचा आंकडा चांगल्या रस्त्यासाठीं असतो. धुळीच्या मुलुखासाठीं तींतच बहुधा निराळी, अधिक कडक सूचना दिलेली असते. अमरावती-अकोला डांबरी रस्त्यावर धांवणारी गाडी आणि सेमाडोहच्या आसपास कच्च्या वाटांवर, दुसऱ्या गाडीच्या धुरळ्यामागून चालणारी गाडी, ह्यांना एकच नियम लावणें योग्य नाहीं. कांहीं गाड्यांत हवेच्या नळीवर लहान निर्देशक असतो. फिल्टर तुंबला कीं त्यांत लाल पट्टी दिसते. तो असल्यास त्याचेंच ऐकावें. तो नसल्यास चढावर शक्ति कमी पडणें आणि काळा धूर येणें हीं चिन्हें समजावीं. मात्र इंजेक्टर बिघडला किंवा टर्बोची नळी फुटली तरी हींच चिन्हें दिसतात. म्हणून केवळ धुरावरून निर्णय करूं नये. चिखलदऱ्याच्या उंचीवर, सुमारें १,१०० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षां मुळांतच सुमारें दहाव्या हिश्श्यानें विरळ असते. तेथें तुंबलेला फिल्टर लौकर उघडा पडतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ नियमांच्या गाड्यांत तर धुरांड्याच्या वाटेवरही काजळी अडविणारी गाळणी असते. हवा कमी पडून काजळी वाढली, कीं तीही लौकर भरते.

येथें एक समज दूर केला पाहिजे. फिल्टर बदलला कीं डिझेल पुष्कळ वांचतें, असें सांगतात. अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं केलेल्या परीक्षणांत, संगणकानें इंधन नियंत्रित करणाऱ्या आधुनिक पेट्रोल मोटारींत फिल्टर तुंबल्यानें इंधनाच्या खर्चांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. वेग घेण्याची शक्ति मात्र घटली. तेव्हां फिल्टरचें मुख्य प्रयोजन काटकसर नव्हे, तर इंजिनाचें आयुष्य हें होय.

आतां सफाईविषयीं. रोज संध्याकाळीं फिल्टर काढून चाकावर आपटणें आणि टायरच्या दुकानांतील हवेनें झोडपणें, ही आपल्याकडील सार्वत्रिक चाल. हेतु चांगला, परिणाम वाईट. आपटल्यानें कड वांकते व घडी चिरते. जोराच्या हवेनें कागदास डोळ्यांस न दिसणारीं भोकें पडतात. शिवाय प्रत्येक वेळीं झांकण उघडतांना थोडी धूळ स्वच्छ बाजूस सांडते, आणि जो उपयुक्त थर जमला होता तोही जातो. अनेक उत्पादक कागदी फिल्टर साफ करण्यासच मनाई करतात. जेथें परवानगी आहे तेथें हवेचा दाब दोन बारपेक्षां अधिक नसावा, आणि फुंकर आंतून बाहेर मारावी. नंतर फिल्टरच्या आंत दिवा धरून अंधारांत पाहावें. कोठें तेजस्वी ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्यावा. कांहीं गाड्यांत मोठ्या फिल्टरच्या आंत दुसरा लहान, संरक्षक फिल्टर असतो. तो कधींच झटकूं नये, बदलावाच.

बदलण्याची कृति घरींही करतां येते. इंजिन बंद करावें व धूळ खालीं बसूं द्यावी. झांकण बाहेरून पुसून मगच खटके उघडावे. जुना फिल्टर हळूच, न झटकतां काढावा. पेटीचा आंतील भाग ओलसर फडक्यानें पुसावा. फुंकूं नये, नाहीं तर धूळ पुढें नळींत जाईल. मग स्वच्छ बाजूच्या नळींत बोट फिरवावें. बोटास धूळ लागली तर फिल्टरपेक्षां मोठा दोष आहे असें समजावें: नळीस चीर आहे, क्लिप ढिली आहे किंवा कड नीट बसत नव्हती. नवा फिल्टर सर्व बाजूंनीं सारखा बसवून खटके लावावे, आणि तारीख व किलोमीटर वहींत टिपावे. फिल्टर नसतांना, ‘एवढ्या गांवापुरतेंच’ म्हणूनही, इंजिन चालवूं नये.

पावसाळ्यांत प्रश्न पालटतो. मेळघाटांत पाऊस मोठा. नद्यानाल्यांचें पाणी ठेंगण्या पुलांवरून वाहूं लागतें. हवेचें तोंड पाण्याखालीं गेलें, कीं पाणी थेट सिलिंडरांत जातें. डिझेल इंजिन हवा मूळ घनफळाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतें. पाणी तसें दाबलें जात नाहीं, आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. म्हणून पुलावर पाणी असतां गाडी घालूं नये हें पहिलें. आणि पाण्यांत इंजिन बंद पडलें तर पुन्हां स्टार्टर मारूं नये, आधीं फिल्टरची पेटी उघडून पाहावी, हें दुसरें. ओला झालेला कागद चुलीशीं शेकून वापरूं नये. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम येतो. तेव्हां जिनिंगच्या आवारांत ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या हवेच्या तोंडाशीं पुंजके अडकतात, ते काढावे.

शेवटीं खर्चाचा हिशेब. नवा फिल्टर कांहीं शेंकडे रुपयांत मिळतो. इंजिन उघडावें लागलें तर खर्च हजारांच्या, कधीं लाखाच्या घरांत जातो. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या गाडीवाल्यास ते दिवस बिनकमाईचे जातात, आणि रानांतील गांवास तेवढे दिवस बाजार व दवाखाना दूर होतो. झीज मात्र आधीं दिसत नाहीं. दिसते तेव्हां झालेली असते. म्हणून आपल्या दारच्या मोटारीची पुस्तिका ह्या रविवारीं उघडावी, फिल्टरचा क्रमांक आणि बदलण्याची मुदत पाहावी, व शेवटचा केव्हां बदलला तें आठवावें. आठवत नसेल तर पेटी उघडण्याची वेळ झाली आहे, एवढें सांगून मी हें भाषण पुरें करतों.