दिवेकर की दीक्षित? आधी पाळी सांगा

२०१८ च्या सुमारास मराठी घरांत एक वाद निवडणुकीइतक्याच हिरिरीने रंगला: दिवेकर की दीक्षित? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपा, मध्ये तोंड चालवू नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांत होतं. ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. उठल्यावर चहाआधी फळ किंवा भिजवलेले बदाम घ्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका, आपल्या मातीत पिकतं ते ताटात घ्या. राज्य सरकारने स्थूलपणाविरोधी मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत केलं तेव्हा वादाला आणखीच धार आली. एकाच घरात नवरा दीक्षितांचा आणि बायको दिवेकरांची, अशीही उदाहरणं होती.

हा प्रश्न जालन्याच्या एमआयडीसीत नेला की त्याचं रूपच पालटतं. इथे एका बाजूला भंगार वितळवून बिलेट आणि त्यापासून सळई करणारे स्टीलचे कारखाने आहेत. दुसरीकडे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ सुरू केल्यापासून बियाण्यांच्या धंद्यात जालन्याने कमावलेलं नाव आहे. दिवसपाळी, रातपाळी, जनरल, आठवड्याला बदलणारी पाळी असं सगळं वेळापत्रक इथल्या पोटांना पाळावं लागतं. जो बुधवारी सकाळी सातला घरी येऊन झोपतो आणि पुढच्या बुधवारी सकाळी सातला गेटवर पंच करतो, त्याने ‘नाश्ता’ कशाला म्हणायचं? ही पाळी विचारात न घेता दिलेला तक्ता चार दिवसांत गळून पडतो, आणि मग माणूस स्वतःलाच बोल लावतो.

आधी विज्ञानाचं पाहू. ग्वांगझू इथे वर्षभर चाललेला एक प्रयोग २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. स्थूलपणा असलेल्या १३९ जणांना सारख्याच कमी उष्मांकाचं खाणं ठरवून दिलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं होतं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि दोघांतला फरक नोंद घ्यावी इतका नव्हता. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत १६० जणांवर चार गाजलेले आहार एकमेकांसमोर ठेवून पाहिले होते. कोणता आहार घेतला यापेक्षा तो किती नेटाने पाळला, याच्याशी उतरलेल्या वजनाचं नातं घट्ट निघालं. म्हणजे दीक्षितांच्या मार्गाने वजन उतरतं, दिवेकरांच्या मार्गानेही उतरतं. दोन्हींत दिवसभराचं एकूण खाणं खर्चापेक्षा कमी व्हावं लागतं. वर्षभर जमेल तो मार्ग निवडणं हे खरं काम आहे, आणि ते पाळीपासून सुरू होतं.

रातपाळीचा क्रेन ऑपरेटर घ्या. बिलेट उचलते क्रेन. तो स्वतः केबिनमध्ये बसून असतो. डब्यात मात्र भट्टीवरच्या भावाइतक्याच तीन जाड भाकरी, पिठलं, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २०० कॅलरी. भाजीवर तरंगणाऱ्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०. त्यावर झोप उडवायला चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत ६० ग्रॅम, म्हणजे दूध सोडून नुसत्या साखरेच्या २४० कॅलरी. पहाटे टपरीवरचा वडापाव वेगळाच.

शिवाय रात्रीचं खाणं शरीराला जडच जातं. इन्शुलिनचं काम रात्री मंदावतं, त्यामुळे तोच भात रात्री दोनला खाल्ला तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते. २०२१ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या प्रयोगात १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रातपाळीसारखं जागवलं होतं. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांची साखर वाढली, ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची वाढली नाही. प्रयोग लहान आहे, पण दिशा स्पष्ट दाखवतो. म्हणून या क्रेनवाल्याला मी दोन जेवणांची वाट सुचवेन. घरून निघताना सातच्या सुमारास पोटभर जेवण, दुसरं झोपून उठल्यावर दुपारी, आणि रात्रभर पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. पाळी बदलली की घड्याळातल्या वेळा बदलतील, दोनचा हिशेब तोच राहील.

भट्टीवरच्या माणसाला मात्र हा सल्ला जसाच्या तसा देऊ नये. तिथे लोखंड सोळाशे अंशांच्या आसपास वितळलेलं असतं आणि मे महिन्यात बाहेरचा पारा चाळिशीपार. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं. अशा कामावर ‘आज काहीच नाही’ असा कडकडीत उपास करणं धोक्याचं आहे. पाणी तोडणं तर अजिबातच नको. त्याचा घाम मेहनतीचा आहे, त्याला पोटभर भाकरी हवीच. पोट सुटलं असेल तर आधी सुटीच्या आदल्या संध्याकाळकडे बघावं. १८० मिलीलिटरच्या क्वार्टरमधल्या नुसत्या अल्कोहोलच्या सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी होतात, चकणा वेगळा. तेवढं एक सुटलं तरी डब्याला हात लावावा लागत नाही.

ऑफिसात जनरल पाळीला हिशेब लिहिणाऱ्याला, वजनकाट्यावर बसणाऱ्याला दिवेकरांची रीत सोयीची पडते. ड्रॉवरमध्ये फुटाणे ठेवता येतात, अकराला एक मोसंबी सोलून खाता येते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ती फोडींनी खावी, साखर घातलेल्या रसाने तिचा चोथा आणि गुण दोन्ही जातात. फक्त ‘दर दोन तासांनी’ म्हणजे दर दोन तासांनी कचोरी नव्हे. आपल्याकडच्या उपासाचं ‘एकादशी, दुप्पट खाशी’ होतं, तसं या रीतीचंही होऊ शकतं.

आणि बियाणं निवडणाऱ्या, पाकिटं भरणाऱ्या बायका? पहाटे उठून साऱ्या घराचे डबे भरायचे, स्वतः चहा-बिस्किटावर निघायचं, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं संपवायचं. त्यांच्यापुढे कोणताही तक्ता ठेवण्याआधी घरातल्या माणसांना विचारायला हवं की वरण, मटकी, अंडं तिच्या ताटात पडतं का. प्रथिनांशिवाय नुसत्या भाकरी-चटणीवर पोट भरलं तरी भूक लवकर परत येते. रात्री तिने सर्वांबरोबर, आठच्या आत जेवायला बसणं हा आहारबदल तिच्या एकटीच्या हातात नाही, तो घराने करायचा आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्याने परस्पर जेवणं कमी करू नयेत. काही गोळ्या घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर घसरते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे क्रेनच्या केबिनमध्ये किंवा रोलिंगच्या तापलेल्या सळईशेजारी झालं तर काय होईल, ते कामगाराला सांगावं लागत नाही. डॉक्टरांना पाळी सांगून गोळीचा डोस आणि वेळ आधी बसवून घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, किडनीचे रुग्ण यांनीही ऐकीव आहाराच्या वाटेला जाऊ नये.

मोजायचं काय? काट्यावर रोज उभं राहण्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीयांत पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका वाढतो असं मानतात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ पासून स्थूलपणा. आपल्यासाठीचे हे आकडे जागतिक आकड्यांपेक्षा कमी आहेत, कारण आपल्याकडे चरबी पोटावर लवकर साठते. एक रीत तीन महिने नीट पाळावी. एवढ्यात टेप जागची हलली नाही, किंवा आठवड्यात तीनदा रीत मोडावी लागते असं दिसलं, तर रीत बदलावी. स्वतःला आळशी ठरवू नये.

कारखान्यांनीही हात लावायला हवा. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली. ते कँटीन रात्री दोनला काय विकतं, हे व्यवस्थापनाने एकदा स्वतः जाऊन पाहावं. चहात साखर आधीच घालण्याऐवजी बाजूला ठेवायची, भज्यांच्या शेजारी उसळ आणि उकडलेली अंडी ठेवायची, भट्टीजवळ मीठ घातलेल्या ताकाचा पिंप भरायचा. यासाठी नवं यंत्र लागत नाही, कंत्राटदाराशी करार करताना चार ओळी जास्त लिहाव्या लागतात.