कापडाच्या फोटोसाठी कोणता कॅमेरा घ्यावा? जुना डीएसएलआर की खिशातला छोटा?

जुहू तारा रोडच्या बाजूला जी बुटिके आहेत, त्यांचे मालक हल्ली नमुना हातात घेण्याआधी फोटो मागतात. धारावी, कुर्ला किंवा गोवंडीतला जरदोजी कारागीर चार दिवस अड्ड्यावर बसून एक पॅनल तयार करतो, त्याचा फोटो मोबाईलवर जातो आणि त्या एका फोटोवर ऑर्डर मिळते किंवा जाते. ऑर्डर मिळाली तरी धोका टळत नाही. फोटोत मरून दिसलेला कपडा समोर गेल्यावर कत्थई निघाला तर माल परत येतो. सलमा, दबका टाकलेला माल परत आला की तो दुसऱ्या कोणाच्या मापाचा, पसंतीचा नसतो. मजुरी तर गेलीच, कापडही गेले.

म्हणून अनेक व्यापारी आणि कारागीर भाई विचारतात की, मोबाईल सोडून एखादा बरा कॅमेरा घ्यायचा तर कोणता? नवीन महागडा कॅमेरा आपल्या धंद्याला परवडत नाही. मग दोन रस्ते उरतात. एक म्हणजे सेकंड हँड डीएसएलआर, कॅनन १०००डी, ११००डी किंवा निकॉन डी ३१००, डी ३२०० यासारखा सुरुवातीच्या दर्जाचा. दुसरा म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा.

मोबाईल का नको, हे आधी सांगतो. मोबाईल फोटो काढून थांबत नाही, तो फोटो सजवतो. रंग भडक करतो, धार वाढवतो, सावली उजळ करतो. चेहऱ्याला हे ठीक आहे. कापडाला नाही, कारण गिऱ्हाईक सजवलेला रंग विकत घेत नसतो.

आता मेगापिक्सेलचा भ्रम. कॅनन १०००डी हा २००८ चा कॅमेरा, १०.१ मेगापिक्सेलचा. सोनीचा डब्ल्यू ८०० हा २०१४ चा खिशातला कॅमेरा, २०.१ मेगापिक्सेलचा. आकडा पाहून कोणीही म्हणेल की छोटा दुप्पट चांगला. पण आत जो प्रकाश टिपणारा तुकडा असतो, ज्याला सेन्सर म्हणतात, तो १०००डी मध्ये साधारण २२ मिलिमीटर बाय १५ मिलिमीटर असतो. छोट्या कॅमेऱ्यात तो सुमारे ६.२ बाय ४.६ असतो. क्षेत्रफळ काढले तर बारा पटींच्या आसपास फरक पडतो. त्या इवल्याशा तुकड्यावर दुप्पट ठिपके बसवले, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला प्रकाश किती येणार? एका ताक्यात जास्त शर्ट काढायचे म्हणून माप लहान करत गेलो तर शर्टांची संख्या वाढेल, पण ते अंगात कोणाच्या येणार नाहीत. तसेच हे आहे.

याचा परिणाम कारखान्यात ट्यूबलाईटखाली लगेच दिसतो. प्रकाश कमी पडला की छोटा कॅमेरा आपली संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवतो. त्याने फोटोत दाणे येतात. ते दाणे पुसायला कॅमेरा स्वतःच फोटोवर हात फिरवतो आणि त्यात कापडाची वीणही पुसली जाते. शिफॉन, जॉर्जेट, क्रेप सगळे इस्त्री केलेल्या प्लॅस्टिकसारखे दिसू लागते. जरीचा एक एक तार वेगळा दिसत नाही. डीएसएलआर त्याच प्रकाशात बराच तग धरतो.

पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. छोटा कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, आयएसओ हाताने १०० वर लावला, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावून हात न लावता फोटो काढला, तर हा फरक खूप कमी होतो. कापड काही पळून जात नाही. शिवाय व्हॉट्सॲपने फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, त्यामुळे बारीक तपशील तसाही जातो. तपशील पाहिजे असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. छापील कॅटलॉगचे म्हणाल तर १०.१ मेगापिक्सेलचा फोटो १३ बाय साडेआठ इंचांपर्यंत उत्तम छापता येतो. ए-फोर पानाला तो पुरून उरतो. तेव्हा फक्त आकड्यासाठी नवा कॅमेरा घेऊ नये.

खरा सवाल रंगाचा आहे, आणि तिथे डीएसएलआर पुढे जातो. आपण व्यापारी शेड बघायला ताका दुकानाच्या दारात उजेडात का नेतो? कारण ट्यूबखाली जुळलेले दोन लॉट उन्हात वेगळे निघतात. कॅमेऱ्यालाही आपण कोणत्या उजेडात उभे आहोत हे सांगावे लागते. डीएसएलआरमध्ये ‘कस्टम व्हाईट बॅलन्स’ असते. त्याच उजेडात एक रंगहीन वस्तू टिपायची आणि कॅमेऱ्याला सांगायचे की हाच बिनरंगाचा नमुना. काही छोट्या कॅमेऱ्यांतही ही सोय असते, स्वस्तातल्या अनेकांत नसते. यात एक फसगत आहे, ती कापडवाल्याला पटकन कळेल. नमुना म्हणून नवा पांढरा कपडा किंवा पांढराशुभ्र कागद वापरू नये. त्याला टिनोपालसारखी उजाळी दिलेली असते, ती निळसर झाक टाकते आणि बाकी सगळा माल पिवळा पडतो. फोटोवाल्यांकडे राखाडी कार्ड मिळते, ते घ्यावे.

डीएसएलआरमध्ये ‘रॉ’ नावाची कच्ची फाईल ठेवता येते. कोरे कापड आणि रंगवलेले कापड यांत जो फरक, तोच इथे. कोऱ्यावर रंग नंतर दुरुस्त करता येतो. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा ही सोय नसते, ती सोनी आरएक्स १०० सारख्या वरच्या दर्जाच्या छोट्या कॅमेऱ्यात मिळते. राणी कलर आणि भडक लाल यांना मात्र दोन्ही कॅमेरे फसतात. तिथे उजेड थोडा कमी करून, म्हणजे एक्स्पोजर उणे करून, फोटो घ्यावा, नाहीतर लाल रंगाचा नुसता लगदा होतो आणि त्यावरची बुट्टी दिसत नाही. ट्यूबलाईटखाली शटर १/५० किंवा त्याहून मंद ठेवावे. वेग वाढवला की फोटोत पट्टे येतात किंवा प्रत्येक फोटोचा रंग वेगळा निघतो.

आपल्या मालाचा आणखी एक ऐब कॅमेऱ्यात उमटतो. बारीक चेक्स, बारीक पट्टे किंवा दाट विणीच्या कापडावर फोटोत लाटा दिसतात, कधी इंद्रधनुष्यी रंगाच्या. कापडात त्या नसतात. कापडाची वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडून हा प्रकार होतो, जाळीच्या पडद्यावर दुसरा जाळीचा पडदा टाकल्यासारखा. तो कमी करायला बहुतेक जुन्या डीएसएलआरमध्ये सेन्सरवर एक गाळणी बसवलेली असे. निकॉनने २०१२ च्या डी ३२०० मध्ये ती ठेवली आणि २०१४ च्या डी ३३०० मध्ये काढून टाकली. म्हणजे कापडवाल्यासाठी इथे जुना कॅमेरा नव्यापेक्षा सोयीचा ठरतो. तरीही लाटा आल्या तर थोडे जवळ किंवा लांब सरकावे, किंवा कॅमेरा किंचित तिरका करावा.

छोट्या कॅमेऱ्याचे गुणही कमी नाहीत. जरदोजीचे काम उठावाचे असते. डीएसएलआरने जवळून काढले तर वरचा कटदाना स्पष्ट आणि खालचे कापड धूसर होते. त्यासाठी छिद्र एफ ८ किंवा एफ ११ पर्यंत लहान करावे लागते आणि मग उजेड जास्त लागतो. छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान असल्यामुळे वरचे-खालचे बहुतेक सगळे आपोआप स्पष्ट येते. फक्त त्याचे मॅक्रो झूम न करता, अगदी एक-दोन इंचांवर चालते. तेव्हा कॅमेऱ्याचीच सावली कामावर पडते आणि सरळ काठ धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. म्हणून थोडे मागे उभे राहून थोडा झूम करून काढावे. भिवंडीच्या गोदामात माल बघायला जाताना खिशात टाकून नेता येतो, ही सोय वेगळीच.

जुहू चौपाटीवर फोटो काढून देणारे जे भाई आहेत, त्यांचा हिशेब निराळा. पूर्वी रोल होता, झटपट फोटोसाठी पोलरॉईड होता. पोलरॉईड कंपनीने २००८ मध्ये आपली झटपट फिल्म बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढे डिजिटल कॅमेरा आणि पिशवीत छोटा प्रिंटर आला. जुहूचा किनारा पश्चिमेला, संध्याकाळी सूर्य समोर. उन्हात छोट्या कॅमेऱ्याचा पडदा दिसतच नाही. डीएसएलआरला डोळ्याला लावायची खिडकी आहे, आतल्या आरशावरून थेट लेन्समधले दृश्य दिसते. बटण दाबताच फोटो निघतो. छोटा कॅमेरा फोकस शोधेपर्यंत लाट परत गेलेली असते आणि मूलही. खांद्याला मोठा कॅमेरा असला की गिऱ्हाईकाचा भरवसा बसतो, हेही खरे. त्यांनी डीएसएलआरच घ्यावा. मात्र वाळूत उभे राहून लेन्स बदलू नये. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स नळीसारखी आत-बाहेर करते. त्यात वाळूचा कण गेला की ती अडकते, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपुढे जातो.

मॉडेलला उभे करावे की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावे. कपडा हँगरवर किंवा बिनशिराच्या पुतळ्यावर टांगून काढला तर हा प्रश्नच येत नाही, आणि गिऱ्हाईकाची नजरही कामावर राहते. मात्र डाग, उसवलेला टाका, तुटलेला धागा असेल तर त्याचा वेगळा फोटो पाठवावा. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर आणल्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. फोटोतला माल हाही आजचा ढीगच आहे.

माझे मत विचाराल तर ज्याचा माल एका जागी टेबलावर ठेवून काढायचा आहे, त्याने जुना डीएसएलआर घ्यावा. ज्याला बाजारात फिरून माल टिपायचा आहे, त्याला छोटा पुरतो. एक लक्षात असू द्या, अलीकडे तरुण मुलांना जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचा शौक लागला आहे. त्यामुळे त्यांचे भाव चढले आहेत, आणि कित्येकदा छोट्याच्या पैशात जुना डीएसएलआर लेन्ससकट मिळून जातो.

फोर्टात बोरा बाजारात घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका. लेन्समध्ये टॉर्च मारून पाहा. मुंबईच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. अशी लेन्स घेऊ नये. छिद्र एफ १६ वर लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. शटर किती वेळा उडाले ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्ये तो आकडा नोंदलेला असतो आणि कॉम्प्युटरवर वाचता येतो. बॅटरी कोणती ते पाहा. कॅनन ११००डी ची एलपी-ई १० बॅटरी २०१८ च्या १५००डी पर्यंत चालत आली, म्हणून ती सहज मिळते. कॅननच्या ३००डी, ३५०डी यांना कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे जाड कार्ड लागते, ते शोधत फिरावे लागेल. एसडी कार्डाचा कॅमेरा घ्या. आणि जाताना आपल्याच मालाचा एक तुकडा खिशात न्या, राणी कलरचा असेल तर उत्तम. दुकानदाराच्या दारात त्याचा फोटो काढून तिथेच तुकड्याशी ताडून पाहा.