ऑपरेशन पोटाचं, दुखणं घशाचं

शीव कोळीवाड्यात कुणाचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते सायन हॉस्पिटलचं, म्हणजे 1947 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं. पण हॉस्पिटल पालिकेचं असो की पंचतारांकित, पूर्ण भूल घेतलेल्या माणसाची एक तक्रार सगळीकडे सारखीच असते. पित्ताशय काढलं पोटातून आणि गिळवत नाही घशातून. भेटायला आलेले आपापली कारणं सांगतात: एसीचा गारठा लागला असेल, गॅस बाधला असेल. घसा दुखावतो तो बहुतेक वेळा नळीमुळे.

पूर्ण भुलेत स्नायू सैल पडतात आणि श्वास यंत्रावर द्यावा लागतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ तोंडातून, स्वरतंतूंच्या मधून, श्वासनळीत एक प्लास्टिकची नळी सरकवतात. तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. तो फुगवला की बाजूच्या फटी बुजतात. यंत्राची हवा वाया जात नाही आणि लाळ किंवा पोटातलं पाणी फुप्फुसात उतरत नाही. जीव वाचवणारा हाच फुगा घशाच्या मुळावर येतो. श्वासनळीच्या अस्तरात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. फुग्यातला दाब पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटर उंचीइतका असला तर ठीक. त्यापुढे अस्तराचा रक्तपुरवठा आटू लागतो आणि 50 च्या आसपास कूर्चेच्या कड्यांवरचा प्रवाह थांबल्यातच जमा होतो, हे 1984 मध्येच दुर्बिणीतून पाहून नोंदवलेलं आहे.

मग हा दाब मोजतात कसा? अनेक ठिकाणी मोजतच नाहीत. नळीच्या बाहेरच्या टोकाला, आतल्या फुग्याला जोडलेली, बोटभर आकाराची एक पिशवी लोंबत असते; सायकलच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघावी तशी ती चाचपली जाते. मुरलेल्या हातांचाही हा अंदाज चुकतो, आणि चुकतो तो बहुधा जास्तीच्या बाजूला. भर म्हणजे भुलेत नायट्रस ऑक्साइड वापरला असेल तर तो हळूहळू फुग्यात झिरपतो आणि सुरुवातीला बेताचा असलेला दाब तासाभरात वाढून बसतो. दाब दाखवणारं तबकडीचं साधं उपकरण मिळतं. ऑपरेशन थिएटरमधल्या इतर यंत्रांच्या मानाने त्याची किंमत किरकोळच. तरी ते मागे पडतं, आणि माझ्या मते त्याचं कारण पैसा नाही. घसा दुखून कुणी दगावत नाही, दोन-तीन दिवसांत तो आपोआप बरा होतो, मग त्याची नोंद ठेवायची कुणी?

नळीची जाडीही महत्त्वाची. बारीक नळी वापरली की दुखणं कमी होतं, हे वारंवार दिसलं आहे. बायकांची श्वासनळी अरुंद असल्याने त्यांना हा त्रास जास्त होतो. एका प्रयत्नात नळी बसली तर उत्तम. भुलेच्या तपासणीत ‘तोंड उघडा, जीभ बाहेर काढा’ म्हणतात ते याचसाठी. ही परीक्षा शेषगिरी मल्लमपती या भारतीय वंशाच्या भूलतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. लहान ऑपरेशनात नळीऐवजी स्वरयंत्राच्या वर बसणारा मास्कही चालतो. आर्ची ब्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी तो 1981 च्या सुमारास तयार केला. त्यानेही घसा दुखू शकतो, पण कमी. पोट भरलेलं असेल तर मात्र तो उपयोगाचा नाही.

औषधांत डेक्सामेथासोनचं इंजेक्शन गुणकारी आहे. मधुमेह्यांची साखर मात्र त्याने वाढते. नळीला बधिर करणारी जेली चोपडण्याचा घशाला फारसा फायदा होत नाही. गंमत आहे ती ज्येष्ठमधाची. गवई मंडळी तोंडात धरतात तोच. 2009 मध्ये लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी 40 रुग्णांवर प्रयोग केला. अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध 30 मिलिलिटर पाण्यात घालून भुलेच्या पाच मिनिटं आधी निम्म्यांना गुळण्या करायला लावल्या. त्यांचा घसा कमी दुखला. चाळीस माणसांवर कुणी पैज लावू नये; पण 2013 मध्ये व्हिएन्नात छातीच्या ऑपरेशनच्या 236 रुग्णांवर, जास्तच जाड नळी वापरून, साखरपाण्याच्या गुळण्यांशी तुलना झाली, तेव्हाही ज्येष्ठमधच सरस ठरला. पण म्हणून काही सकाळी घरून त्याचा काढा पिऊन निघायचं नाही. भुलेआधी उपाशी राहायला सांगितलेलं असतं, आणि ज्येष्ठमध भरपूर पोटात गेला तर रक्तदाब वाढतो. गुळण्या हव्याच असतील तर भूलतज्ज्ञांना विचारून, त्यांच्यासमोर.

तपासणीच्या वेळी आणखी काही सांगून ठेवावं: मागच्या ऑपरेशनात घसा धरला होता का, सर्दी-खोकला आहे का, दात हलतो का, कवळी आहे का, बिडी-सिगारेट ओढता का. गाण्यावर, शिकवण्यावर किंवा बाजारात ओरडून मासळी विकण्यावर पोट असेल तर तेही सांगावं. नळी निवडताना त्याचा विचार होऊ शकतो. ऑपरेशननंतर खायची परवानगी मिळाली तरी सुरुवात मऊ भात, पेज अशीच बरी. ज्या वस्तीच्या नावाची तळलेली कोळंबी देशभर मेन्यूकार्डावर झळकते, तिथल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण कुरकुरीत, तिखट कोळंबी दोन दिवस थांबू शकते. श्वास घेताना घरघर, मानेला सूज, ताप किंवा थुंकीही गिळता येऊ नये इतकं दुखणं असेल तर लगेच वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगायचं. दोन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच असेल तर कान-नाक-घसा विभागात जाऊन स्वरतंतू तपासून घ्यायचे.