लस टोचल्यानंतरचे आठवडे

कोविड लसीकरणाची रंगीत तालीम महाराष्ट्रात २ जानेवारी २०२१ रोजी चार जिल्ह्यांत झाली. पुणे, नागपूर आणि नंदुरबारबरोबर जालना हा त्यातला चौथा जिल्हा. पुढे १६ जानेवारीला प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले आणि काही महिन्यांतच सगळीकडे एकच प्रश्न विचारला जाऊ लागला, ‘दुसरा डोस नेमका कधी?’ कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. तेव्हा लसीचा तुटवडा होताच, त्यामुळे अंतर वाढवणे म्हणजे वेळ मारून नेणे, असे अनेकांना वाटले. पण या लसीच्या परदेशातील चाचण्यांचे आकडे फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाले होते. दुसरा डोस सहा आठवड्यांच्या आत घेतलेल्यांत लसीची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के होती, तर बारा आठवड्यांनंतर घेतलेल्यांत सुमारे ८१ टक्के. लस तीच, डोसही दोनच, फरक होता तो मधल्या काळाचा. लसीचे खरे काम सुई बाहेर निघाल्यावर सुरू होते आणि आठवडेच्या आठवडे चालते, हे यातून दिसते. लसीकरण कार्डावरच्या तारखांचा अर्थ या कामातूनच कळतो आणि तारीख चुकलेल्या मुलाचे काय करायचे, याचे उत्तरही तिथेच सापडते.

हे काम चालते लसिकागाठींमध्ये. माणसाच्या शरीरात अशा सुमारे सहाशे गाठी असतात. मानेत, काखेत, जांघेत आणि पोटात त्यांचे पुंजके आढळतात. एरवी त्या हाताला फारशा लागत नाहीत. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ती कामाला लागलेली लसिकागाठच असते. दंडावर लस घेतल्यावर काखेत दुखते ते याच कारणाने, आणि तान्ह्या बाळाच्या मांडीत दिलेल्या इंजेक्शनचे काम जांघेतल्या गाठी करतात. लस टोचलेल्या जागी डेंड्रायटिक पेशी असतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांची ओळख पटवली, त्यासाठी त्यांना २०११ चे नोबेल मिळाले. या पेशी लसीतला परका अंश, म्हणजे प्रतिजन, उचलतात, त्याचे तुकडे करून अंगावर मांडतात आणि लसिकावाहिन्यांतून जवळच्या गाठीत पोहोचतात. तिथे असंख्य टी पेशी त्यांना चाचपून जातात. ज्या मोजक्या टी पेशींना तो तुकडा जुळतो, त्या थांबतात आणि वाढू लागतात.

प्रतिपिंडे तयार करण्याचे काम मात्र बी पेशींचे. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एकाच नमुन्याचा ग्राहक, म्हणजे प्रतिजन पकडणारा रेणू, असतो, आणि जनुकांच्या तुकड्यांची फेरजुळणी होऊन असे अगणित नमुने तयार होतात, हे सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे रोग येण्याआधीच त्याला थोडीफार जुळणारी एखादी बी पेशी शरीरात हजर असते. तिला प्रतिजन सापडला आणि टी पेशीची साथ मिळाली की तिच्या काही वंशज पेशी पहिल्या आठवड्यातच साधी, घाईची प्रतिपिंडे सोडू लागतात. बाकीच्या गाठीतल्या जननकेंद्रात शिरतात. तिथे त्या झपाट्याने विभागतात आणि प्रत्येक विभाजनात त्यांच्या ग्राहकाच्या जनुकात बारीकसारीक बदल होतात. बदललेल्या पेशीला प्रतिजन अधिक घट्ट पकडता आला तर टी पेशी तिला जगण्याचा इशारा देतात, नाहीतर ती मरते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केली तेव्हापासून बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात ही रीत नवी वाटणार नाही: पिढीमागून पिढी पेरायची, सरस झाड निवडायचे, त्याचेच बी पुढे न्यायचे. फरक एवढाच, की गाठीतली पिढी काही तासांची असते.

या निवडीतून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे सोडतात. त्यातल्या बऱ्याच लवकर संपतात, पण काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या प्रकारच्या स्मृतिपेशी शांत राहतात आणि तोच प्रतिजन पुन्हा आला की काही दिवसांतच उठतात. पुढचा डोस त्यांच्यासाठी असतो. तो फार लवकर दिला तर निवड अर्धवट असते, शिवाय रक्तात नुकतीच तयार झालेली प्रतिपिंडे नव्या डोसचा बराच भाग आधीच झाकून टाकतात. अमेरिकेत सेंट लुइस येथील संशोधकांनी एमआरएनए कोविड लस घेतलेल्यांच्या काखेतल्या गाठींचे नमुने सुईने काढून तपासले, तेव्हा दुसऱ्या डोसनंतर बारा आठवड्यांनीही जननकेंद्रे चालू असल्याचे दिसले.

मग बाळाला पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, इतक्या जवळजवळ का देतात, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. डांग्या खोकला सर्वांत जास्त घात करतो तो अगदी तान्ह्या बाळांचा. तिथे उत्तम प्रतिपिंडांची वाट पाहत बसणे जिवावर बेतेल. म्हणून आधी कामापुरते संरक्षण उभे करायचे आणि १६ ते २४ महिन्यांच्या बूस्टरने ते पक्के करायचे. कोविडच्या डेल्टा लाटेत ब्रिटनने याच विचाराने लसीच्या दोन डोसांतले अंतर पुन्हा कमी केले आणि मार्च २०२२ मध्ये भारतानेही किमान अंतर आठ आठवड्यांवर आणले. गोवर-रुबेलाचे गणित आणखी वेगळे आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीतल्या जिवंत, दुबळ्या विषाणूला निकामी करतात, म्हणून आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तरीही सुमारे १५ टक्के बाळांत तो लागू पडत नाही, आणि दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी असतो. थोडक्यात, गाठीला लागणारा वेळ आणि रोगाचा धोका यांचा मेळ घालून प्रत्येक तारीख ठरलेली असते.

जालना जिल्ह्यात हे समजून घेण्याची निकड मोठी आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. ऑक्टोबरात सहा आठवड्यांचे असलेले बाळ परतते तेव्हा सात-आठ महिन्यांचे झालेले असते, आणि दहा व चौदा आठवड्यांचे डोस फडावरच राहून गेलेले असतात. मग घरच्यांना वाटते की आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, किंवा आता उपयोगच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिल्या डोसने घडवलेल्या स्मृतिपेशी आपोआप रद्द होत नाहीत. म्हणून मालिका जिथे थांबली तिथूनच पुढे चालवायची, किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवून. गोवर-रुबेलाचा चुकलेला डोसही पाच वर्षांच्या वयापर्यंत देता येतो. यावर कोणी म्हणेल, ‘उशीर चालतो तर घाई कशाला?’ उशिराने मागचे वाया जात नाही हे खरे, पण मधले सगळे महिने मूल अर्धवट संरक्षणावर काढते, तेही उसाच्या फडाजवळच्या दाटीवाटीच्या कोप्यांत, जिथे खोकला एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.

आणखी दोन समजुतींचे उत्तर द्यायला हवे. ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असे अनेक घरांत म्हटले जाते. ताप ही सुरुवातीच्या दाहाची खूण आहे. गाठीतली निवड त्याच्याशिवायही नीट चालते. दुसरी समजूत अशी, की रोग होऊन गेल्यावर येणारी प्रतिकारशक्तीच अस्सल. गोवराबाबत ती अतिशय घातक आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठून मारतो. लस न घेतलेल्या मुलांवरच्या २०१९ मधल्या एका अभ्यासात असे आढळले, की गोवरानंतर इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठा मुलागणिक ११ ते ७३ टक्क्यांनी घटला होता. म्हणजे गोवर एका रोगाची ओळख देताना आधी कमावलेल्या कितीतरी ओळखी पुसून टाकतो. लसीतला दुबळा विषाणू असे नुकसान करत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ पसरली, तेव्हा या नुकसानाची चर्चा फारच थोडी झाली.

यातून करण्यासारख्या गोष्टी अगदी ठोस आहेत. गाव सोडण्यापूर्वी ज्यांची तारीख जवळ आली आहे आणि किमान अंतर पूर्ण झाले आहे, अशा मुलांना आशाताईंनी आणि उपकेंद्राने गाठून डोस द्यावा. लसीकरण कार्ड घरच्या पेटीत न ठेवता बाळाबरोबर जावे, कारण देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात. साखर कारखान्यांनी तोडणी मजुरांच्या अड्ड्यांवर लसीकरण सत्रांसाठी जागा आणि वेळ द्यावा. आणि उशिरा आलेल्या आईला केंद्रावर बोलणी न बसता पुढचा डोस मिळावा. बाळाच्या शरीराने पहिल्या डोसचे काम जपून ठेवलेले असते. ते पुढे नेण्याची जबाबदारी आरोग्ययंत्रणेची, कारखान्याची आणि आपल्या सगळ्यांची आहे.