भिंतीवरचे डाग आणि चित्राचा विषय

चित्रकलेच्या तासाला "काय काढू?" हा प्रश्न हमखास येतो. मग बहुतेक वह्यांत तेच दोन डोंगर, मधला सूर्य, नदी आणि झोपडी. मुलांना कल्पनाच नाही, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण कल्पना सुचायला डोळ्यांपुढे काहीतरी असावे लागते.

लिओनार्दो दा विंची (१४५२-१५१९) या इटालियन चित्रकाराने यावर उपाय लिहून ठेवला आहे. डाग पडलेल्या भिंतीकडे निरखून पाहा. तिच्यात डोंगर, नद्या, लढाया, चित्रविचित्र चेहरे दिसू लागतात. घंटेच्या टोल्यांत मनातले कुठलेही नाव ऐकू यावे, तसेच हे.

असे का होते? डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदू जशीच्या तशी स्वीकारत नाही. पूर्वी पाहिलेल्या आकारांशी तो ती ताडून पाहतो. दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावरही आपल्याला चेहरा दिसतो. डाग तर अस्पष्टच. म्हणून एकाच डागात एकीला बगळा दिसतो, दुसऱ्याला म्हातारा.

तेव्हा ओल आलेली भिंत किंवा कागदाच्या घडीत दाबलेला शाईचा थेंब मुलांपुढे ठेवून पाहू या. मात्र लिओनार्दोने बजावलेही आहे: डाग कल्पना देतो, ती तपशिलांसह पूर्ण करायला शिकवत नाही. बगळा डागात सापडेल. त्याचा पाय कुठे वाकतो, हे पाहायला तळ्यावरच जावे लागेल.